टिचकीच्या लेकीचा हलता दात

माझ्या धाकट्या जावेला कारखान्यात कुणी नावानं हाक मारत नाही. सगळे टिचकी म्हणतात, साहेबसुद्धा. आमचा कारखाना चिनीमातीच्या कपबशांचा. मी पॅकिंगला, ती माझ्या अलीकडच्या टेबलावर तपासणीला. भट्टीतून आलेला कप डाव्या तळव्यावर घ्यायचा, उजव्या हातानं टिचकी मारायची आणि ऐकायचं. खणखणीत वाजला तर तो माझ्याकडे सरकायचा. बद्द वाजला, की कुठंतरी केसाएवढा तडा आहे म्हणून मागच्या पिंपात. मग कपाचा कान धरून बघायचा, हलतोय का. जरासा जरी हलला तरी पिंपातच. दया नाही, माया नाही.

मी कधीतरी म्हणायचे, "अगं, एवढा गोजिरवाणा कप! कुणीतरी वर्षभर चहा प्यालं असतं त्यातून."

"ताई, हललेला कान धरत नाही," ती मान वर न करता म्हणायची. "गरम चहा भरलाय आणि तेव्हाच निखळला म्हणजे?"

बोलणं एवढंच. लग्न होऊन घरात आली तेव्हा मला वाटलं, ही गर्विष्ठ आहे. मग कळलं, गर्व कसला, ही कायम कान देऊन असते. दूधवाल्याच्या कॅनला टिचकी मारेल, नव्या बादलीला मारेल. एकदा माझ्या नवऱ्याच्या हेल्मेटलाही मारली आणि म्हणाली, "भावजी, हे बदला." बदललं बाई त्यांनी. माझं त्यांनी आयुष्यात कधी ऐकलं नाही, पण टिचकीचं ऐकलं.

लेक झाली तेव्हा पहिल्यांदा हातात घेऊन ही तिची बोटं मोजत बसली. हातांची, पायांची. कान बघितले, टाळू बघितली, पाठीचा मणका न् मणका चाचपला. सगळं जागच्या जागी आहे म्हटल्यावर मग कुठं हसली. आतमध्ये हृदयाला भोक आहे, ते तिला कसं ऐकू यावं? पण ते आपल्याला ऐकू आलं नाही याबद्दल तिनं स्वतःला कधी माफ केलं नाही. ते मी रोज बघत आलेय.

पोरीला आम्ही भिंगरी म्हणतो. चालायला लागली तेव्हा एका जागी ठरायची नाही, म्हणून हे नाव पडलं. पुढं पुढं ती पळता पळता मध्येच थांबायला लागली. उकिडवी बसायची, गुडघे पोटाशी घ्यायची आणि ओठ जांभळे. जरा वेळानं उठून परत पळायची. आम्हाला वाटलं, खेळ आहे. डॉक्टर म्हणाले, खेळ नाही. हृदयाला भोक आहे आणि फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद आहे, ऑपरेशन करावं लागेल. मोठ्या हॉस्पिटलात नाव घातलं आणि आम्ही वाट बघायला लागलो.

पहिली तारीख आली तेव्हा पोरीला सर्दी. "छातीत कफ आहे, अशात भूल देता येणार नाही," म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या तारखेला मांडीवर गळू. "अंगात कुठंही पू असताना हृदय उघडता येत नाही," म्हणून पुन्हा परत. दुसऱ्या खेपेला टिचकी भिंगरीला माझ्याजवळ सोडून तशीच कामावर गेली. त्या दिवशी तिचं पिंप काठोकाठ भरलं. सुपरवायझरनं दोनचार कप उचलून वाजवून बघितले, तर खणखणीत! चांगले कप ती पिंपात टाकत होती. ओरडायला आला होता तो, पण तिच्या तोंडाकडे बघून मुकाट परत गेला.

तिसरी तारीख देताना मोठे डॉक्टर म्हणाले, "आता लांबवण्यासारखं राहिलेलं नाही." आम्हालाही दिसत होतंच. पलंगापासून मोरीपर्यंत जाताना भिंगरी मध्ये एकदा बसायची. शाळा कधीच सुटली होती.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं. टिचकीनं घराचं हॉस्पिटल करून टाकलं. पाणी उकळून, चादरी उकळून. बाहेरून येईल त्यानं आधी हात धुवायचे. मी एकदा दारात नुसती शिंकले, तर मला माझ्याच घराबाहेर काढलं! मी थोरली जाऊ, या घरातली पहिली सून, आणि पायरीवर बसून चहा पितेय. शेजारीण विचारते, "भांडण झालं का हो?" म्हटलं, "नाही, शिंक झाली."

आणि एवढं सगळं डोळ्यांत तेल घालून सांभाळलं, तर निघायच्या आदल्या आठवड्यात सकाळी बिस्किट खाताना भिंगरी म्हणाली, "आई, माझा एक दात नाचतोय."

खालचा, मधला, डावीकडचा. टिचकीनं बोट लावून बघितला आणि पांढरीफटक पडली. तिचं ते बोट कपाच्या कानाला लागतं तसं लागलं होतं, हे मी बघितलं.

खरं तर घाबरायचं काही नव्हतं. ऑपरेशनच्या आधी दात दाखवून घ्यावे लागतात, म्हणून मागेच तिथल्या दातांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. बरोबर मी होते. त्यांनी चांगलं समजावून सांगितलं होतं. सहाव्या-सातव्या वर्षी दुधाचे दात हलायला लागतात. खालचे मधले दोन बहुधा आधी, मग वरचे. कुणाचे वर्ष आधी, कुणाचे वर्ष उशिरा, त्यात काही नाही. मागच्या दुधाच्या दाढा मात्र दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात, तेव्हा "पडणारच आहेत" म्हणून किडू द्यायच्या नाहीत. आणि शेवटी चष्मा काढून म्हणाले, "हिच्या बाबतीत एक लक्षात ठेवा. दात हलायला लागला तर दोरा बांधून, ओढून काढायचा नाही. हिरडीतली घाण रक्तातून हृदयात जाईल. आपोआप पडला तर पडू द्या. पण हलतोय हे आम्हाला सांगा."

आता यात काय अवघड होतं? मी म्हटलं, "टिचके, गेल्या गेल्या सांगून टाक."

"हो ताई," ती म्हणाली. टिचकी हो म्हणाली की मी निर्धास्त असते.

पण तिनं ऐकलं होतं ते वेगळंच. जन्मभर तिनं हललेला कान बघून माल परत केलेला. समोरच्या टेबलावर कुणी आपल्या लेकीला बोट लावून बघणार आणि हलतंय म्हटल्यावर दुसरं काही करणार, हे तिच्या डोक्यात शिरेचना. घरी काढायचा नाही, तिथं सांगायचा नाही. मग एकच उरलं, तो आपोआप पडायला हवा. सकाळी सफरचंद, दुपारी सफरचंद, संध्याकाळी टोस्ट. पोरगी चावून चावून दमली. एरवी म्हणे लेकरांचे दात झोपेत पडतात, खेळता खेळता पडतात. हा अडूनच बसला. कानातला लोलक हलावा तसा हलायचा, पण सुटायचा नाही.

एका दुपारी भिंगरी सफरचंद हातात धरून विचारते, "काकू, मी सुटत चाललेय का?"

"म्हणजे गं?"

"आधी आत भोक पडलं. आता दात सुटला. मग काय सुटणार?"

मी तिला जवळ घेऊन म्हटलं, "वेडाबाई, सगळ्यांचे पडतात. माझे पडले, तुझ्या बाबांचे पडले. खालून नवा दात ढकलत असतो, म्हणून जुना हलतो. तू सुटत नाहीयेस, तू वाढतेयस." तिला ते पटलं असावं, कारण तिनं सफरचंदाचा आणखी एक घास घेतला. टिचकी मोरीत भांडी घासत होती. पाण्याचा आवाज बंद झाला होता.

भिंगरीला हॉस्पिटलात भरती केलं तेव्हा मी बरोबर नव्हते. ऑपरेशनच्या दिवशी पहाटेच्या गाडीनं थर्मास घेऊन पोचले. लांबलचक कॉरिडॉर, एका टोकाला ऑपरेशन थिएटरचं झुलतं दार. दाराशी माझा दीर भिंतीला टेकून उभा. तो बोलण्यात इतका काटकसरी, की स्वतःच्या लग्नात होकारसुद्धा मानेनं दिलेला. त्याच्याशेजारी टिचकी आणि चाकाच्या पलंगावर भिंगरी, हिरव्या टोपीत. ओठ घट्ट मिटलेले. मी हात हलवला तर तिनं डोळ्यांनीच हसून दाखवलं.

वॉर्डातल्या मावशी पोरीचे कान, हात, गळा बघत होत्या. "बांगडी नाही ना? कानात काही? केसांना पिन? सैल काहीच नको हो. आत घशातून श्वासाची नळी घालतात. मागे एकाचा हलता दात नळीबरोबर आत गेला होता, मग जी धावपळ झाली विचारू नका!" असं म्हणत म्हणत त्यांनी पलंग ढकलला आणि दार झुलून बंद झालं.

टिचकीनं माझा दंड धरला. तिची नखं रुतली.

"ताई, मी सांगितलं नाही."

"काय सांगितलं नाहीस?"

"दात. काल डॉक्टरनं विचारलं, कुठला दात हलतोय का. मी नाही म्हटलं. भिंगरीला शिकवून ठेवलं होतं. जीभ दातावर दाबून धर. आणि मी सांगेपर्यंत तोंड उघडायचं नाही, डॉक्टर म्हणोत, सिस्टर म्हणोत, कुणीही म्हणो, मी 'उघड' म्हटल्याशिवाय नाही. परत पाठवलं असतं गं त्यांनी तिला. परत पाठवलं असतं."

माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला! "अगं, वेडी का खुळी तू? ते डॉक्टर आहेत का कपबशीवाले?" एवढंच माझ्या तोंडून निघालं, तोवर ती दारावर होती. दोन्ही मुठींनी दार बडवत होती. टिचकीनं, जिचा आवाज शेजारच्या टेबलावर ऐकू जात नाही, तिनं सगळा मजला हलवला.

"थांबा! तिचा दात हलतोय! खालचा, मधला, डावीकडचा! मी खोटं बोलले! नळी घालू नका, थांबा!"

एक सिस्टर धावत आली. "अहो, इथं ओरडू नका, बाजूला व्हा." टिचकी बाजूला होईना. खाली बसली, सिस्टरचे पाय धरले. माझा दीर, जो कधी बोलत नाही, तो म्हणाला, "आधी आत सांगा. मग आम्हाला बाहेर काढा." सिस्टर त्याच्याकडे बघून आत पळाली.

त्यानंतर जो वेळ गेला तो किती गेला, मला माहीत नाही. दाराला एक गोल काच होती, पण उंचावर. टिचकी फरशीवर बसून तोंडात पदराचा बोळा कोंबून त्या काचेकडे बघत होती. मी मनातल्या मनात तिला शिव्या घालत होते आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. दोन्ही एकाच वेळी चालू होतं. पोरीच्या घशात काही अडकलं तर या बाईचं मी काय करू, हाच विचार. पोरीचं काय होईल इथपर्यंत मन जातच नव्हतं, वाटेतच अडखळत होतं.

दार उघडलं. भूल देणाऱ्या डॉक्टरबाई होत्या, टोपी घातलेल्या, मास्क हनुवटीखाली.

"मुलीची आई कोण?"

टिचकी उठली आणि दोन्ही हात जोडून भडाभडा बोलत सुटली. "मला काय शिक्षा करायची ती करा, पण तिला परत नका पाठवू. तिसरी खेप आहे. आता ती पुढच्या तारखेपर्यंत राहणार नाही. मी पाया पडते."

"परत कोण पाठवतंय?" बाई म्हणाल्या. "हलता दात म्हणून कुणी ऑपरेशन रद्द करत नाही. भूल लागली की पहिल्यांदा तो दोन बोटांनी काढला, त्याआधी द्यायचं ते औषध देऊन. चिमटासुद्धा लागला नाही. या वयाच्या निम्म्या मुलांचे दात हलत असतात, म्हणून तर आम्ही विचारतो." मग त्यांचा आवाज चढला. "पण हे काल सांगायला काय झालं होतं तुम्हाला? आम्ही तोंड उघड म्हणतोय, पोरगी उघडत नाही. आम्हाला वाटलं, घाबरली. तुम्ही आता दार बडवलं नसतं तर..." टिचकीच्या हातात त्यांनी कापसाच्या जाळीची एक पुडी ठेवली आणि आत गेल्या.

पुडीत दात होता. तांदळापेक्षा जरा मोठा. टिचकीनं तो तळव्यावर घेतला, उलटा करून बघितला. खालून पोकळ, खरबरीत. "ताई, याला मूळ नाही. तुटलं का आत?"

"नाही गं," पलीकडे उभी असलेली सिस्टर म्हणाली, आता जरा मऊ आवाजात. "दुधाच्या दाताचं मूळ विरघळतं. खालचा नवा दात ते खात वर येतो. म्हणून तर हलतो. नवा येतोयच आत, मी बघितलाय."

टिचकीनं मान हलवली आणि तो दात मुठीत घट्ट धरला. सिस्टर गेल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी उगाचच खोटं बोलले, ताई. उगाचच." थर्मासमधला चहा तसाच गार झाला.

दुपार कलली तेव्हा मोठे डॉक्टर बाहेर आले. भोक बुजवलं, वाट मोकळी केली, म्हणाले. पुढचे काही दिवस नाजूक आहेत. मी रडले, दीर रडला. टिचकी म्हणाली, "ती बोलेपर्यंत मला काही सांगू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी आयसीयूत भिंगरीच्या घशातली नळी काढली. आम्हाला वाटलं, आता बोलावतील. कुणी बोलावेना. जेवणाची वेळ टळली. काचेपलीकडे माणसं तिच्या पलंगाभोवती जमायची, पांगायची, परत जमायची. शेवटी एक तरुण डॉक्टर बाहेर आला. आम्ही तिघंही त्याच्याकडे धावलो.

"शुद्धीवर आहे," तो म्हणाला. "बोट दाबते, पाय हलवते. पण तोंड उघडत नाही. नाव विचारलं तर सांगत नाही, आवाज काढत नाही. जोर करून खोकली नाही तर छातीत कफ साठेल, पुन्हा नळी घालावी लागेल. एवढ्या मोठ्या ऑपरेशननंतर क्वचित मेंदूला... फोटो काढून बघावा लागेल. आधी आईनं एकदा हाक मारून बघा."

टिचकीला उभं राहवेना. "यांना धरा तुम्ही," म्हणून सिस्टरनं मलाही आत घेतलं. हिरवे डगले अंगावर चढवताना टिचकी पुटपुटत होती, "माझ्यामुळं. माझ्या ओरडण्यानं त्यांचे हात चुकले. ती मुकी झाली, ताई, माझी पोर मुकी झाली." मलाही तेच वाटत होतं.

केवढीशी दिसत होती पोर त्या पलंगावर. छातीवर मोठी पट्टी, सगळीकडून नळ्या. पण ओठ! जन्मापासून आम्ही बघितले नव्हते असे गुलाबी ओठ, आणि ते असे घट्ट मिटलेले, की कडा पांढऱ्या पडल्या होत्या. सिस्टर वाकून म्हणत होती, "बाळा, आ कर. जीभ दाखव मला. एकदाच." भिंगरीच्या डोळ्यांतून पाणी वाहत कानात जात होतं. ओठ उघडत नव्हते.

मग तिला टिचकी दिसली. पोरीचे डोळे आईच्या तोंडावर जे खिळले ते हलेनात. हाक मारली तरी उत्तर नाही, नुसतं बघतेय. कशाची तरी वाट बघतेय.

टिचकी थबकली. कप वाजवताना थबकते तशी मान एका बाजूला करून. आणि तिच्या घशातून एक आवाज आला, तसा आवाज मी माणसाच्या घशातून कधी ऐकला नव्हता.

"अगं माझे बाई," ती म्हणाली, "मी सांगितलंच नाही गं तुला." ती पलंगाच्या कठड्यावर वाकली. "उघड. राणी, आता उघड तोंड. मी सांगतेय. आई सांगतेय, उघड."

भिंगरीनं तोंड उघडलं. आधी खोकला आला, मोठा, सगळं अंग हलवणारा. सिस्टर "शाब्बास, शाब्बास" म्हणत तिच्या पट्टीवर हात धरून राहिली. खोकला थांबल्यावर पोरीची जीभ खालच्या दातांवरून फिरली आणि मोकळ्या जागेत अडकली. तिचा चेहरा असा पडला, की माझ्यानं बघवेना.

"आई," घोगऱ्या, बसलेल्या आवाजात ती म्हणाली, "मी तोंड उघडलं नव्हतं. कुणालाच नाही दाखवला. तरी दात गेला गं. आता मला परत पाठवतील?"